नदीपात्रातील बुडीत लाकूड : ओळख, हक्क आणि वाळवण

गोंदिया जिल्ह्यातील चुलबंद, गाढवी, बाघ, पांगोली आणि वैनगंगा या नद्यांचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत उतरले म्हणजे डोहांच्या कडेस काळे ओंडके उघडे पडतात. काही वाळूत अर्धे पुरलेले असतात, तर काहींचे केवळ एक टोक पाण्याबाहेर दिसते. गावातील लोक त्यांवर कपडे आपटतात, मुले त्यांवरून पाण्यात उड्या घेतात आणि जाळे अडकते म्हणून ढिवर बांधव पाण्याखालच्या ओंडक्यांच्या जागा लक्षात ठेवतात. हे लाकूड कुजून गेले असावे अशी समजूत असल्याने त्याचा फारसा विचार होत नाही. कोणी ते ओढून आणलेच तर त्याची वाट चुलीकडे जाते. वस्तुतः यांपैकी काही ओंडके पूर्ण वाढ झालेल्या जुन्या झाडांचे असतात, आणि आज बाजारात सहसा न मिळणारे पक्क्या गाभ्याचे लाकूड त्यांत असते. मात्र त्याचा उपयोग व्हावयाचा तर काही गोष्टी ओंडका पाण्याबाहेर येण्यापूर्वीच कराव्या लागतात. त्या कोणत्या, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाने तीन वर्षांपूर्वी पाहिलेला एक प्रकार प्रथम सांगणे उपयुक्त होईल. सडक अर्जुनी तालुक्यातील चुलबंदकाठच्या एका गावी तिघा भावांनी मे महिन्यात डोहातून ऐनाचा एक ओंडका ट्रॅक्टरने बाहेर काढला. टोक कापून पाहिले तेव्हा आत काथाच्या रंगाचा घट्ट गाभा निघाला. गावच्या सुतारांनी तो पाहून दोन चौकटी आणि एक दिवाण सहज होईल असा अंदाज दिला. घरात मुलीचे लग्न ठरत होते, त्यामुळे सर्वांस आनंद झाला. लाकूड लवकर वाळावे म्हणून ओंडका अंगणात भर उन्हात ठेवण्यात आला. नवव्या दिवशी टोकांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मृग लागेपर्यंत ओंडका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभा चिरला. त्यानंतर वनरक्षकांनी चौकशी केली, कागद कोणताच नसल्यामुळे पंचनामा झाला व उरलेसुरले लाकूड ताब्यात गेले. ट्रॅक्टरचे भाडे, चार दिवसांची मजुरी आणि लग्नाची चौकट, सर्वच गेले. या कुटुंबाचा हेतू मुळीच वाईट नव्हता. परवानगी आधी घेतली नाही आणि सावली आधी केली नाही, एवढ्या दोनच गोष्टी चुकल्या होत्या. त्याच डोहात दुसरा एक ओंडका तसाच राहिला होता. त्याची हकीकत पुढे येईल.

लाकूड पाण्यात का टिकते

विहीर बांधताना तळाशी जांभळाच्या किंवा उंबराच्या लाकडाचे कडे घालून त्यावर बांधकाम करण्याची रीत जुनी आहे. असे कडे पाण्याखाली पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु तेच लाकूड अंगणात खांब म्हणून पुरले तर थोड्याच पावसाळ्यांत नेमके जमिनीच्या पातळीवर कुजते. याचे कारण असे की, लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल आणि हवा ही दोन्ही लागतात. जमिनीच्या पातळीवर दोन्ही मिळतात. कोरड्या माळ्यावर ओल नसते आणि खोल पाण्याखाली हवा नसते, म्हणून या दोन्ही ठिकाणी लाकूड वाचते. उदई व घुण यांनाही पाण्याखाली थारा नाही. तेथे काम करतात ते केवळ काही सूक्ष्म जिवाणू, आणि त्यांचे काम अतिशय मंद असते. ते प्रथम सालीलगतचे पांढरे लाकूड पोखरतात. आतील गाभ्यापर्यंत पोचण्यास त्यांस फार काळ लागतो. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे उत्खननात प्राचीन पाटलिपुत्राच्या लाकडी तटबंदीचे अवशेष मिळाले. सालवृक्षाच्या त्या तुळया पाणथळ जमिनीत दोन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिल्या होत्या.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते व ती पुष्कळांच्या समजुतीच्या उलट आहे. जो ओंडका दर उन्हाळ्यात उघडा पडतो व पावसाळ्यात पुन्हा बुडतो, त्याला ओल आणि हवा आळीपाळीने मिळत राहते. असा ओंडका बहुधा निकामी झालेला असतो. म्हणजे ज्यावर कपडे आपटले जातात तो सोडून द्यावा आणि ज्यात जाळे अडकते त्याची चौकशी करावी. या कामी ढिवर बांधवांइतका जाणकार दुसरा कोणी नाही. कोणत्या डोहात काय पडून आहे हे त्यांना पिढीजात ठाऊक असते.

लाकडाच्या काळ्या रंगाविषयीही गैरसमज आढळतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर शाईसारखे काळे पाणी होते, हे सर्वांस माहीत आहे. ऐन आणि अर्जुन ही हिरड्याच्याच कुळातील झाडे असून त्यांतही तुरट द्रव्य भरपूर असते. पाण्यातील व मातीतील लोहाशी त्याचा संयोग होऊन लाकूड करडे, निळसर किंवा काळे पडते. हा रंग फर्निचरास शोभा देतो हे खरे, परंतु त्यावरून लाकडाची मजबुती मात्र कळत नाही. काळे लाकूड घट्टही असू शकते आणि पोचटही.

हे ओंडके आले कोठून

ब्रह्मदेशात किंवा अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात जंगलतोडीचा माल पाण्यावाटे नेण्याचा मोठा व्यवसाय होता. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती खाच घेऊन झाड उभेच दोन-तीन वर्षे वाळवीत, कारण ओला साग नीट तरंगत नाही. आपल्याकडे दक्षिणेस अहेरीच्या जंगलातील सागवान प्राणहिता व गोदावरी यांवरून खाली नेत असत. आपल्या जिल्ह्यातील नद्या उन्हाळ्यात उथळ होणाऱ्या असल्याने येथे तसा व्यवसाय वाढल्याचे दिसत नाही. येथील ओंडके मुख्यतः तीन प्रकारे आलेले असतात. काठ ढासळून पुरात पडलेली अर्जुन (कहू), जांभूळ, करंज यांसारखी काठावरचीच झाडे, हा सर्वांत मोठा भाग होय. दुसरा प्रकार, पूर्वीच्या तोडीतील जो माल नाल्याकाठी पडून होता व पुराने ओढून नेला, त्याचा. गेल्या शतकाच्या आधीपासून रेल्वेच्या स्लीपरांसाठी मध्य प्रांतातील साग, साल व बीजा यांची मोठी तोड झाली होती, आणि वरच्या अंगास बालाघाटकडे सालवने आजही आहेत. तिसरा प्रकार जुन्या डोंग्यांचे, घाटांचे व पुलांचे अवशेष यांचा. ऑगस्ट २०२० मधील वैनगंगेच्या महापुरासारखा पूर आला की पात्रातील वाळू हलते, काही जुने ओंडके उघडे पडतात आणि काही नवे पुरले जातात.

ओंडका का बुडतो, हेही समजून घ्यावे. लाकडाचा जो घन पदार्थ आहे तो पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. लाकूड तरंगते ते त्याच्या बारीक नळ्यांत कोंडलेल्या हवेमुळे. त्या नळ्यांत पाणी शिरले की ते तळाशी जाते. म्हणून ऐन, धावडा, तिवस, बीजा, साल अशी घट्ट झाडे लवकर बुडतात, आणि सालई, सावर, मोई यांसारखी हलकी लाकडे पुष्कळ काळ तरंगत राहून काठाला लागतात व तेथेच कुजतात. पाण्याने ही निवड आपल्यासाठी आधीच केलेली असते असे म्हणावयास हरकत नाही.

परदेशांतही अशा लाकडास आता महत्त्व आले आहे. टास्मानियात ह्युऑन पाइन नावाचे अत्यंत सावकाश वाढणारे झाड आहे. तेथे नद्यांतून व धरणांच्या जलाशयांतून काढलेले त्याचे जुने लाकूड कारागीर वापरतात. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या तळाशी गेलेले एकोणिसाव्या शतकातील ओंडके १९९० नंतरच्या दशकात सरकारी परवान्याने वर काढण्यात आले. या ठिकाणीही परवाना आधी व काढणी नंतर, असाच क्रम आहे.

लाकूड कोणाचे

या बाबतीत गावोगाव एकच उत्तर ऐकू येते : नदीत सापडले ते सापडणाऱ्याचे. कायद्याचे म्हणणे तसे नाही. सन १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे आठवे प्रकरण, कलम ४५ ते ५१, याच विषयाला वाहिलेले आहे. वाहत आलेले, काठास लागलेले, अडकून पडलेले अथवा बुडालेले सर्व इमारती लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत, शासनाचे मानले जाते. ‘बुडालेले’ हा शब्द कलमातच आहे हे ध्यानात ठेवावे. असे लाकूड वन अधिकाऱ्याने, किंवा नियमांनी ज्यास तो अधिकार दिला असेल त्याने, गोळा करावयाचे असते. त्यानंतर वन अधिकारी जाहीर नोटीस काढतो व हक्क सांगणाऱ्यास लेखी अर्जासाठी किमान दोन महिन्यांची मुदत देतो. मुदतीत कोणी आले नाही, किंवा आलेल्याचा दावा फेटाळला गेला, तर लाकूड शासनाचे होते व पुढे त्याची विल्हेवाट लावली जाते. ते विकत घेणाऱ्यास वाहतूक परवाना मिळतो, आणि तो असल्याखेरीज कोणत्याही आरागिरणीत ओंडका नेऊ नये.

ज्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचे झाड काठासह नदीत गेले असेल, त्याने या तरतुदीचा लाभ अवश्य घ्यावा. झाड पडताच तलाठ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा, सातबारा उताऱ्यावर झाडांची नोंद असल्यास त्याची प्रत ठेवावी व नोटिशीच्या मुदतीत लेखी हक्क सांगावा. पुष्कळांची झाडे केवळ अर्ज न केल्यामुळे जातात. हक्क मान्य झाला तरी लाकूड गोळा करण्याचा, हलविण्याचा व साठविण्याचा नियमाप्रमाणे आलेला खर्च भरल्याशिवाय ते ताब्यात मिळत नाही, हेही आधीच माहीत असावे.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो, की हे लाकूड त्या हक्कात येते काय. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तीत बांबू, झुडपी लाकूड, खुंट, मध, तेंदूपाने इत्यादी येतात, परंतु इमारती लाकूड येत नाही. निस्ताराच्या सवलतीवर विसंबूनही ओंडका उचलू नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान क्षेत्रात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे पडलेली काडीही परवानगीशिवाय हलविता येत नाही. मालगुजारी तलावांतील लाकडासाठी वन विभागाखेरीज तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्या जिल्हा परिषदेस किंवा जलसंपदा विभागासही विचारावे, आणि मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिला कळवावे.

ओंडक्यावर जुन्या हातोड्याची निशाणी दिसली तर ती जशीच्या तशी राहू द्यावी. कोणी कोणी ती तासून टाकण्याचा सल्ला देतात. हा सल्ला घातक आहे, कारण निशाणी पुसणे हा कलम ६३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. बेकायदा मालाबरोबर तो वाहून नेणारी गाडी व जनावरेही जप्त होऊ शकतात. एका ओंडक्यापायी हेल्यांची जोडी गमावण्याची वेळ कोणावर येऊ नये.

कोणता ओंडका काढावा

पाणी उतरले असताना ओंडक्यावरचा चिखल व शेवाळ धुऊन काढावे. बाहेरचे पांढरे लाकूड मऊ लागणारच, त्यावरून निराश होऊ नये. पहारीचे टोक त्यातून आत दाबावे. दोन-तीन बोटे मऊ थर ओलांडून पहार खणकन अडली तर गाभा शाबूत आहे असे समजावे. हातभर शिरली तर तो ओंडका सोडावा. ही परीक्षा दोन्ही टोकांस व मध्ये, अशी निदान तीन ठिकाणी घ्यावी.

चांगला ओंडकाही काही वेळा राहू द्यावा लागतो. मुळांसह पडलेले झाड काठाला टेकून असेल तर ते काठाचे रक्षण करीत असते. ते ओढले की पुढच्या पुरात त्यामागची बांधी जाते. डोहातील लाकडाच्या आडोशाला मासे राहतात, म्हणून एका डोहातील सर्व लाकूड कधीही काढू नये.

काढणी

येथे वजनाचा हिशेब ठाऊक नसल्याने अपघात होतात. समजा, ओंडक्याचा घेर १८० सेंटिमीटर व लांबी ३ मीटर आहे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, हे मीटरमध्ये करून १२.५७ ने भागले असता घनफळ ०.७७ घनमीटर येते. (लाकूड आगारात चौथाई घेराने हिशेब करतात. त्याने खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच आकडा येतो, म्हणून वजनासाठी तो वापरू नये.) भिजलेले लाकूड पाण्याहून १५ टक्के जड धरले, तर या ओंडक्याचे वजन सुमारे ८९० किलोग्रॅम होते. परंतु तो पाण्यात असेपर्यंत त्यातील ७७० किलोग्रॅम भार पाणीच उचलून धरते. म्हणजे चिखलातून सुटल्यावर केवळ ११५-१२० किलोग्रॅमच उचलावयाचे राहतात. चार माणसांस तो सहज हलतो व त्यांची हिंमत वाढते. ओंडक्याने काठावर डोके वर काढताच भार झपाट्याने वाढू लागतो, आणि दोर तुटतो तो नेमका याच क्षणी. तुटलेला दोर चाबकासारखा मागे येतो, तर ओंडका उतारावरून खाली घसरतो. सबब ओढ चालू असताना दोराच्या रेषेत व ओंडक्याच्या खालच्या अंगास कोणीही उभे राहू नये. दोर निवडताना पाण्यातील ताणाचा नव्हे, तर पूर्ण वजनाच्या कित्येक पटींचा विचार करावा.

जनावरांनी किंवा ट्रॅक्टरने हिसका देऊन ओढण्यापेक्षा काठावरच्या भक्कम झाडास चेनपुली बांधून सावकाश ओढणे चांगले. झाडाची साल सोलू नये म्हणून साखळीखाली पोती घालावीत. काठाला उतार करून त्यावर गोल लाकडे आडवी टाकावीत. चिखलात रुतलेला ओंडका सरळ ओढण्याआधी पहारीने दोन्ही बाजूंस हलवून मोकळा करावा. पाण्याखाली बुडी मारून दोर बांधण्याचे काम कोणावरही सोपवू नये. कमरेइतक्या पाण्यात जे साधेल तेवढेच करावे.

वाळवण

शंभर वर्षे पाण्याने राखलेले लाकूड आपल्याकडील मे महिन्याचा वारा आठवड्यात बिघडवितो. असे का होते, हे समजल्याशिवाय पुढील सूचना नीट पाळल्या जाणार नाहीत.

भिजलेल्या लाकडात दोन प्रकारचे पाणी असते. एक नळ्यांच्या पोकळीतले, दुसरे नळ्यांच्या भिंतींत मुरलेले. पोकळीतले पाणी जाताना लाकूड आकसत नाही. ओल सुमारे ३० टक्क्यांपर्यंत उतरल्यावर भिंतींतले पाणी जाऊ लागते व तेव्हापासून लाकूड आकसू लागते. उन्हात ठेवलेल्या ओंडक्याचा बाहेरचा थर व टोके दोन-चार दिवसांत या अवस्थेला येतात, तर आतला भाग पाण्याने भरलेलाच असतो. बाहेरचे आकसू पाहते, आतले त्यास अडविते, आणि बाहेरचे फाटते. शिवाय लाकूड घेराच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या जवळजवळ निम्मेच मध्यापासून सालीकडे आकसते. त्यामुळे अखंड ओंडका वाळविला तर त्यास मध्यापर्यंत चीर पडणे अटळ आहे. म्हणून ओंडका ओला असतानाच त्याच्या फळ्या पाडाव्यात आणि फळ्याच वाळवाव्यात.

आता हंगामाचा विचार. पाणी उतरते उन्हाळ्यात, म्हणजे ओंडका हाती येतो तोच मुळी वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत. त्यात वर सांगितलेली नोटिशीची दोन महिन्यांची मुदतही बहुधा याच काळात पडते. पारा ४२ अंशांच्या वर आणि ओंडका आगाराच्या अंगणात, अशी स्थिती झाली तर पुढे कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. यास्तव अर्ज जानेवारीतच करावा. पंचनामा व मोजणी झाल्यावर ओंडका काठालगतच्या पाण्यातच साखळीने बांधून ठेवू द्यावा, अशी विनंती अर्जात स्पष्ट लिहावी. ते शक्य नसेल तर झाडाखाली ठेवून, दोन्ही टोकांस डांबराचा जाड हात देऊन, वर ओली पोती टाकावीत व ती रोज भिजवावीत. डांबर न मिळाल्यास शेणमातीचा जाड लेप चालतो, मात्र तो सुकून फुटू लागताच पुन्हा द्यावा लागतो. लाकूड वाळवावयाचे म्हणून आणले आणि आता त्यावर पाणी ओतावयाचे, हे लोकांस विचित्र वाटते. कार्यकर्त्यांनी या ठिकाणी धीर धरून समजावून सांगावे.

फळ्या पाडण्याचा योग्य काळ म्हणजे पावसाची सुरुवात. ऐन, धावडा, अर्जुन यांसारखी चिराळणारी लाकडे पावसाच्या आरंभी कापून छपराखाली रचावीत, म्हणजे दमट हवेत ती सावकाश वाळू लागतात व पुढच्या कोरड्या ऋतूपर्यंत बाहेरची व आतली ओल पुष्कळशी सारखी होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच वेळ पऱ्हे टाकण्याच्या व रोवणीच्या धांदलीची असते, म्हणून छप्पर मे महिन्यातच उभे करून ठेवावे. आरागिरणीत नेण्याआधी ओंडक्याची साल व पोचट थर तासून टाकावा आणि भेगांतील वाळू-खडे पाण्याने व ताठ ब्रशाने धुवावेत, नाहीतर आऱ्याचे दात जातात व गिरणीवाले पुन्हा असा माल घेत नाहीत. फळ्या अशा पाडाव्यात की ओंडक्याच्या अगदी मधले भेंड कोणत्याही चांगल्या फळीत येणार नाही. कापताना अंड्यासारखा कुजका वास येतो. त्यास भिऊ नये, थोड्या दिवसांत तो जातो.

फळ्यांची थप्पी जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर उंच, सपाट बैठकीवर रचावी. दोन थरांमध्ये अडीच सेंटिमीटर जाडीच्या कोरड्या पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या मीटरवर घालाव्यात आणि प्रत्येक थरातील पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर येईल असे पाहावे. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळी तेथे वाकते व ती पुढे कोणत्याही रंध्याने सरळ होत नाही. टोकाची पट्टी फळीच्या अगदी काठाशी असावी. थप्पीवर दगडांचे वजन ठेवावे. पश्चिमेच्या बाजूस बांबूचे तट्टे लावून गरम वारा अडवावा, पण चारही बाजू बंद करू नयेत. थप्पी झाकण्यासाठी पुष्कळजण हाताशी असलेली तणस वापरतात. ओली तणस लाकडास लागली की बुरशी धरते, म्हणून ती छपरावरच असू द्यावी.

लाकूड वाळले की नाही हे हाताने कळत नाही. थप्पीतील एक फळी नमुना म्हणून निवडून तिच्यावर खूण करावी व दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तिचे वजन करून त्याच फळीवर खडूने लिहावे. नेमकी ओल काढावयाची असल्यास फळीच्या मध्यातून, टोकापासून दूर, लहान तुकडा कापून लगेच तोलावा व शाळेच्या प्रयोगशाळेतील भट्टीत १०० अंशांच्या किंचित वर, वजन घटणे थांबेपर्यंत सुकवावा. ओला तुकडा ८१० ग्रॅम व सुका ५०० ग्रॅम भरला, तर ३१० भागिले ५००, म्हणजे ६२ टक्के ओल झाली. फर्निचरासाठी ती आपल्या भागात १० ते १२ टक्क्यांवर आली पाहिजे. दीड इंची ऐनाच्या फळीस यासाठी एक वर्ष किंवा अधिक लागते. साग व बीजा त्यामानाने सोशिक असून लवकर तयार होतात. लग्नाची तारीख पाहून वाळवणीचा काळ कमी करता येत नाही, हे सुतारांनी व घरधन्यांनी दोघांनीही मान्य करावे.

कामाविषयी थोडेसे

वाळलेल्या ऐनाला रंधा जड जातो, पाते वारंवार लावावे लागते. तुरट द्रव्य असलेल्या लाकडात लोखंडी खिळ्याभोवती ओल लागताच काळा डाग उमटतो, म्हणून कुसू आणि खाच यांचा सांधा करून लाकडी खुंटी मारावी किंवा पितळी स्क्रू वापरावेत. एका ओंडक्यातून रुंद फळ्या थोड्याच निघतात. त्या टेबलाच्या माथ्यासाठी वा दिवाणाच्या डोक्यासाठी राखाव्यात, आणि उरलेल्या अरुंद पट्ट्यांचे पाट, चौरंग, देव्हारे करावेत.

आता दुसऱ्या ओंडक्याविषयी. त्या भावांनी गेल्या वर्षी जानेवारीत ग्रामपंचायतीच्या शिफारशीसह वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. मार्चच्या आरंभी पंचनामा व मोजणी झाली, आणि विनंतीप्रमाणे ओंडका डोहाच्या कडेस साखळीने बांधून पाण्यातच ठेवण्यास मान्यता मिळाली. मुदतीत कोणी हक्क सांगितला नाही. लिलावात बाहेरचेही दोघे बोलणारे होते, परंतु अखेर तो या भावांकडेच आला. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर परवान्यासह तो आरागिरणीत गेला. त्याच्या फळ्या आज त्यांच्या गोठ्यामागील छपरात रचलेल्या आहेत. टोकांना दोन ठिकाणी केसासारख्या रेषा आल्या आहेत, बाकी फळ्या सरळ आहेत. मुलीचे लग्न बाजारातील दिवाणावर होऊन गेले. थोरल्या भावाने खुणेच्या फळीवर खडूने नऊ महिन्यांची वजने एकाखाली एक लिहिली आहेत, आणि शेवटच्या दोन आकड्यांत अजून पाव किलोचा फरक आहे. सुतारांस त्यांनी दिवाळीनंतर यावयास सांगितले आहे.